जोडीला आलेला ट्वीटर

जुने स्पीकर अजून छान वाजत असतात. फक्त वरचे सूर जरा मिटलेले वाटतात. मग त्यांच्या डोक्यावर वेगळा ट्वीटर, म्हणजे फक्त वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, ठेवावासा वाटतो. जोडणी अवघड नाही. मुठीत मावणारा ट्वीटर आणि त्याच्या वायरीत २.२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. ट्वीटर ८ ओहमचा असेल, तर हा कपॅसिटर साधारण ९,००० हर्ट्झच्या वरचे सूर जाऊ देतो, खालचे अडवत जातो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. समजा, जुना स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो आणि नवा ट्वीटर ९२. नव्याला ५ डेसिबल खाली उतरावं लागतं. म्हणजे त्याच्या वाट्याची शक्ती एक तृतीयांशाच्याही किंचित खाली येते. यासाठी एल-पॅड लावतात. साडेतीन ओहमचा एक रेझिस्टर ट्वीटरच्या आधी, दहा ओहमचा दुसरा ट्वीटरला समांतर. ही मांडणी मला फार आवडते. नुसता पहिलाच रेझिस्टर लावला तर कपॅसिटरचं गणित बिघडतं. दोघं मिळून आवाज उतरवतात, पण कपॅसिटरपुढचा भार मात्र ८ ओहमच राहतो. नव्याला आवरायचं, पण जुनी घडी मोडायची नाही.

कागदावरचा हिशेब इथं संपतो. पुढचं कानानं ठरवायचं, आणि कानाला घाई असते. सुरुवातीला त्याला झगझगीत आवाजच आवडतो. भजनातले टाळ लखलखतात, तबल्याची चाट टणत्कारते, वाटतं हेच तर हवं होतं. तासाभरानं तोच कान थकतो. म्हणून पातळी पहिल्या बैठकीत पक्की करू नये.

तानपुरा लावून ऐकावं. ट्वीटर जास्त असेल तर जवारीची झणझण तारेपासून सुटते. ती वर कुठेतरी एकटी ऐकू येते आणि खर्ज खाली एकटा राहतो. गायकाच्या ‘स’ला, ‘श’ला धार येते. आता रेझिस्टर बदलून, किंवा एल-पॅड नॉबचा असेल तर तो फिरवून, आवाज थोडा थोडा उतरवत जायचं. एका जागी ट्वीटर ऐकू येईनासा होतो. खोलीत फक्त तानपुरा असतो, अखंड. ट्वीटरची वायर सोडवली तर मात्र तानपुऱ्याभोवतीची हवाच गेल्यासारखी वाटते. तिथं थांबावं. वेगळा ऐकू येणारा ट्वीटर जास्त झालेला असतो.

पण वेगळा ऐकू येतो, तो कोणाला? तरुण कान २०,००० हर्ट्झच्या जवळपास पोहोचतो. वय वाढतं तसं हे ऐकणं वरून उणं होत जातं. साठीनंतर अनेकांना १२,००० च्या पलीकडचं फारसं उरत नाही. ते गेल्याचं लक्षातही येत नाही, कारण गप्पाटप्पा त्याच्या पुष्कळ खाली चालतात. जुना टेलिफोन ३,४०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही पोहोचवत नसे, तरी पलीकडचं माणूस पहिल्या ‘हॅलो’ला ओळखू येई.

मग घरातले आजोबा ट्वीटरचा नॉब जरा वर नेतात. त्यांना हरवलेलं काही सापडल्यासारखं होतं. त्याच वेळी शेजारी बसलेली नात कानांवर हात ठेवते. आजोबांना जे पुसट आहे, ते तिला टोचतं. दोघंही खरंच सांगत असतात. मीटर आणला तरी हा तंटा मिटणार नाही. मीटर खोलीतला आवाज मोजतो, कोणाच्या कानात काय पोहोचलं ते त्याला कळत नाही.

तुमच्या घरी अशी जोडणी करणार असाल, तर पातळी लावताना घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला जवळ बसवून घ्या. ‘टोचतंय का?’ एवढंच विचारा. ‘हो’ म्हणालं, तर आवाज अजून जरा उतरवा.