गारा कोणी पाडल्या?



एप्रिल २०२३ मध्ये ईस्टरच्या सुमारास आपल्या बागलाणात गारपीट झाली, ती कोणी विसरलेले नाही. काढणीला आलेला उन्हाळ कांदा रानातच चेचला गेला, डाळिंबाची झाडे झोडपून निघाली. त्या आठवड्यात आम्ही आपल्यापैकीच एका कुटुंबाच्या मळ्यात गेलो होतो. बांधावर उभे राहून काहीतरी बोलायला हवे म्हणून आम्ही बोललो, "देवाची इच्छा, दादा. धीर धरा." ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, व्यापाऱ्याने फसवले असते तर भांडलो असतो, सरकारची चूक असती तर मोर्चात गेलो असतो. देवाचीच इच्छा म्हटल्यावर भांडायचे कुणाशी?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. चहा घेऊन परत आलो. त्या दिवशी आम्ही जे बोललो ते धीराचे बोल नव्हते, ती आमची सुटका होती. म्हणून हा विषय आज पुन्हा काढत आहोत.

अवकाळी पाऊस झाला की आपल्याकडे पारावर, दूध डेअरीपाशी, अगदी मिस्सानंतर चर्चच्या आवारातही तीच चर्चा रंगते. एकजण म्हणतो, लोकांची पापे वाढली, त्याचे हे फळ. दुसरा म्हणतो, हे सारे माणसाने धूर सोडल्यामुळे झाले. तिसरा हसतो आणि म्हणतो, "बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा कुठे एवढ्या गाड्या होत्या? निसर्ग आहे, चालायचेच." अलीकडे एक चौथाही ऐकू येतो. देवाने नोहाला वचन दिले आहे की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी थांबणार नाही. तेव्हा माणूस हवामान बदलू शकतो असे मानणे हाच अहंकार, असे तो म्हणतो.

पहिल्याला उत्तर प्रभूनेच दिले आहे. संत लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. (त्या बुरुजाचा पाया कोणी घातला होता, चुना कच्चा होता का, हे लूक सांगत नाही. आम्हाला मात्र ते वाचताना दर वेळी वाटते, की कोणीतरी गवंडी त्या रात्री झोपला नसेल.) ईयोबाच्या मित्रांनीही हेच केले होते. राखेत बसलेल्या माणसाला ते समजावत राहिले की तुझे काहीतरी चुकले असणार. शेवटी देव रागावला तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. तेव्हा ज्याच्या बागेवर गारा पडल्या त्याच्या घरात पाप शोधणारी जीभ आपल्यापैकी कोणाची असेल, तर तिने आधी हा अध्याय वाचावा.

पण प्रभू तिथेच थांबत नाही. ते अधिक पापी नव्हते, असे सांगून लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो की तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. म्हणजे जो मेला त्याला दोष नाही, आणि जो वाचला त्याला मोकळीकही नाही.

आता दुसरा, तिसरा आणि चौथा. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार डोक्यात पक्का बसला. देव हे सर्वांचे मूळ कारण. पण तो जगात काम करतो ते सृष्टीतल्या खऱ्याखुऱ्या कारणांमधून. भाकरी देवाची देणगी आहे, तरीही ती थापतात आईचे हात आणि भाजतो चुलीचा जाळ. भाकरी करपली तर आपण "देवाची इच्छा" म्हणत नाही, जाळ कमी करतो. मग आभाळाच्या बाबतीतच आपण एवढे भाविक का होतो?

आणि जाळ वाढला आहे, याबद्दल आता अभ्यासकांमध्ये वाद उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने ते वाढले, यात शंका नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिले. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पाऊस कोसळतो तेव्हा ते खाली येते. अरबी समुद्रही तापला आहे. २०१९ साली त्या एका वर्षात तेथे पाच चक्रीवादळे झाली. त्यातली 'क्यार' आणि 'महा' ही दोन ऑक्टोबरच्या अखेरीस पाठोपाठ आली. आपली अर्ली द्राक्षे तेव्हा मांडवावर होती. मणी तडकले, घड कुजले. पुढचे आपणांस ठाऊक आहे.

गारपिटीबाबत मात्र शास्त्रज्ञ स्वतःच हात राखून बोलतात. बाष्पाचे वारे आणि उत्तरेकडून आलेली थंड, कोरडी हवा एकत्र आली की गारा बनतात. हे पूर्वीही होत होते. अमुक दिवसाची गार अमुक कारखान्याने पाडली असे कोणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. तिसऱ्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण पूर्वीही माणसे तापाने आजारी पडत, म्हणून आज विहिरीत घाण टाकणाऱ्याला आपण निर्दोष ठरवत नाही. चौथ्याला आम्ही इतकेच म्हणू, की नोहाला दिलेले वचन देवाने सृष्टी न बुडवण्याचे आहे. ती आपण बिघडवू शकणार नाही, अशी हमी त्यात कुठेच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हे सविस्तर मांडले होते. तरीही ख्रिस्तसभेच्या आतच ही गोष्ट उडवून लावणारे लोक त्यांना भेटत राहिले. म्हणून ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाला, त्यांनी 'लाउदाते देउम' लिहिले आणि त्यात ती खंत बोलून दाखवली.

मग पश्चात्ताप कोणी करायचा? इथे सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एक अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी सुमारे चौदा टन कार्बन वायू हवेत सोडतो, भारतीय माणूस सुमारे दोन टन. आणि आपल्या तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी त्याहूनही कमी. ज्याचा वाटा सर्वांत लहान, त्याच्याच रानात आभाळ कोसळते. ऐपतवाल्याने बागेवर प्लास्टिक टाकले, बाकीचे आभाळाकडे बघत बसले. याला आम्ही देवाची इच्छा म्हणणार नाही. भांडायचे कुणाशी, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे आपल्या बांधावर आहे. बांधावरचे निंब-बाभूळ आपणच तोडले. विहीर आटली की आपणच आणखी खोल बोअर घेतला, आणि शेजाऱ्याची विहीर आटवली. याने पृथ्वी फारशी तापत नाही, हे खरे. पण संकट झेलण्याची जमिनीची ताकद याने जाते. आपत्ती म्हणजे केवळ आभाळातून पडते तेवढेच नसते, ते ज्या जमिनीवर आणि ज्या गावावर पडते तेही त्यात असते.

हे सटाण्याला वेगळे शिकवायला नको. १८७०-७१ च्या दुष्काळात येथील मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना उघडून एक लाख सत्तावीस हजार रुपये भुकेल्यांना वाटले. पुढे तपासणीत खजिना जसाच्या तसा निघाल्याची कथा इथले पोरही सांगते. आम्ही परधर्माचे पुजारी, त्या चमत्काराबद्दल आम्ही काय बोलावे! पण चमत्काराच्या आधी एका माणसाने किल्ली फिरवली, आणि नोकरी जाईल हे ठाऊक असून फिरवली, त्यापुढे आम्ही मान लववतो.

त्याच तेराव्या अध्यायात प्रभू पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षे फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी एक वर्ष मागून घेतो, पण नुसते वर्ष मागत नाही. मी भोवती खणतो, खत घालतो, असे सांगतो.

आपल्या चर्चच्या छपरावरचे पावसाचे पाणी आजवर गटारात जात आले. ते आवारातल्या विहिरीकडे वळवण्यासाठी चर खणायचा आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर जमेल त्यांनी थांबावे; कुदळ, फावडे, घमेले घरून आणावे. पाइप आणून देण्याचे वर उल्लेख केलेल्या गृहस्थांनी कबूल केले आहे.

आपला,
धर्मगुरू