गीता १८.१४ ते १६ : पाचातला एक



आज अठराव्या अध्यायातले १४, १५ आणि १६ हे तीन श्लोक एकत्र घेतोय. सुटे वाचले तर हाती फारसं लागत नाही. चौदाव्यात भगवंत कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजून दाखवतात : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. पंधराव्यात सांगतात की शरीर, वाणी, मन यांनी माणूस जे काही करतो, योग्य असो की अयोग्य, त्यामागे हे पाच असतातच. आणि सोळाव्यात जरा कडक होतात. एवढं असूनही जो 'केवळ' आत्म्यालाच कर्ता मानतो, त्याला दिसत नाही म्हणतात. शंकराचार्य इथे 'केवळ'चा अर्थ शुद्ध आत्मा असा घेतात. मी आज साधा अर्थ धरून चाललोय : पाचातल्या एकट्यालाच धरून बसणारा.

हे श्लोक आपण बहुतेक वेळा अहंकार घालवायला वाचतो. 'मी केलं, मी केलं' म्हणू नकोस, वगैरे. ते बरोबरच आहे. पण 'त्याने केलं' म्हणताना आपल्याला हा सोळावा श्लोक का आठवत नाही? समोरच्याला एकटा कर्ता करून टाकणं हीसुद्धा तीच चूक नाही का?

माझ्या मामांकडे जुनी डिझेल पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातली शेती, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे. गेल्या ऑगस्टमध्ये मी तिकडे होतो तेव्हा एका सकाळी गाडी सुरूच होईना. सेल्फ चांगला फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मध्येच पकडलं तर सगळी गाडी थरथरायची, दोन-चार ठोके चुकवायची आणि बंद पडायची. मागे साठ क्रेट भरलेले. टोमॅटो थांबत नाही आणि बाजारभावही थांबत नाही.

मामांनी निकाल लगेच लावला. ड्रायव्हरनं टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवली, गाळ ओढला गेला, नोझल गेले. दुरुस्तीचा खर्च आणि मालाचा तोटा दोन्ही त्याच्या पगारातून कापणार, असंही सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तो पोरगा पंचविशीचा असेल. घरी लहान मूल. मान खाली घालून उभा राहिला, 'नाही मालक' एवढंच म्हणाला.

साडेआठला मेकॅनिक आला. त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरकडे बघत उभा राहिला. धूर नव्हता. "डिझेलच पोचत नाहीये," म्हणाला. त्याचं गणित साधं होतं. सेल्फ मारताना पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, म्हणजे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. धूरच नाही म्हणजे शोध टाकी आणि पंप यांच्यामध्ये. सेल्फ जोरात फिरतोय म्हणून बॅटरीकडे त्यानं बघितलंही नाही. एका नजरेत अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली!

मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबायला लागला. डिझेलऐवजी फेस आला. लाइनमध्ये हवा शिरत होती. आता मला वाटलं, गळती असेल तर खाली डिझेल सांडलेलं दिसेल. पण जमीन कोरडी. त्यानं सांगितलं की पंपाच्या अलीकडची बाजू ओढणारी असते, तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर सांडेलच असं नाही, हवा आत जाते. इंजिन चालू असेपर्यंत कसंबसं निभावतं, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं. म्हणून सकाळीच जास्त त्रास. शेवटी टाकीकडच्या रबरी पाइपवर, जुन्या गंजक्या क्लिपच्या खाली, नखाएवढी भेग सापडली. तेवढं टोक कापलं, नवी क्लिप, फेस जाईपर्यंत पुन्हा हातपंप. गाडी सुरू झाली, अर्धा मिनिट थरथरली आणि मग एका लयीत लागली. खर्च किरकोळ. नोझल ठणठणीत.

आता दोष कुणाचा?

मेकॅनिक हात पुसता पुसता म्हणाला की टाकीत डिझेल कमी असलं की पंपाला जास्त ओढावं लागतं आणि अशा भेगेतून हवा लवकर शिरते. म्हणजे मामांचा संशय अगदीच खोटा नव्हता, टाकी खरंच तळाला होती. पण एका वेळी पाचशेच रुपयांचं डिझेल टाकायचा नियम मामांचाच! पाइप बदलताना जुनीच क्लिप परत लावली होती. ती कुणी लावली, कुणाला आठवेना. रबर उन्हातान्हानं आणि वर्षांनी कडक झालं, त्याला कोण काय करणार?

पाच कारणं इथे समोर उभी आहेत. (अधिष्ठान म्हणजे शरीर असं भाष्यकार सांगतात. मी ते जुन्या गाडीपर्यंत ताणतोय, माऊली क्षमा करोत.) पाचव्याबद्दल तर आचार्यांमध्येच मतं वेगळी आहेत : शंकराचार्य दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता म्हणतात, रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा म्हणतात. दोघांपैकी कुणीही त्याचा अर्थ 'नशीब म्हणून सोडून द्या' असा केलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण लगेच शंका येते. पाच कारणं म्हटली की जबाबदारी हवेत विरून जाते का? उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी काय केलं, पाचांनी केलं. पण भगवंतांनी यादीतून कर्ता वगळलेला नाही. तो दुसऱ्याच क्रमांकावर आहे. ड्रायव्हर पाचातला एक आहे; शून्य नाही, पाचही नाही. आणि मेकॅनिकनं पाचांना सारखा वाटा वाटून दिला नाही. त्यानं एकेक तपासला. जो निर्दोष निघाला त्याला सोडून पुढे गेला.

खरी गोष्ट मात्र नंतर बाहेर आली. मेकॅनिकनं सहज विचारलं, "किती दिवस चाललंय असं?" ड्रायव्हर म्हणाला, "चार दिवस. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागायचा." मामा उसळले, "मग सांगितलं का नाही?" तो काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती, उत्तर त्या प्रश्नाच्या आवाजातच होतं. चार दिवस आधी ऐकायला मिळालं असतं तर ही सकाळ आलीच नसती. पण ज्याला माहीत आहे की सांगितलं की आपणच एकटे कर्ते ठरणार, तो गप्प बसतो. दोष देणाऱ्याला दोष सापडत नाही, तो असा.

तुमच्यातले कित्येक जण आयटीत आहेत. सिस्टीम बसली की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'काय झालं' असा येतो की 'कुणी केलं' असा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि घरी? आईची गोळी चुकली, मुलाचे मार्क घसरले, तेव्हा आपण सायलेन्सरकडे बघतो का आधी? दुसऱ्या अध्यायात भगवंत क्रोधापासून मोह आणि मोहापासून स्मृतीचा गोंधळ अशी साखळी सांगतात. मामांना त्या क्षणी आपलाच पाचशेचा नियम आठवला नव्हता. रागात माणूस खोटं बोलतो असं नाही, तपशील विसरतो.

पगार कापला नाही, एवढं मला नंतर कळलं. मामा त्याला 'चुकलो' म्हणाले का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटतं म्हणायला हवं होतं, सगळ्यांसमोरच, कारण आरोपही सगळ्यांसमोरच झाला होता. कापायचे पैसे परत देता येतात. त्या पोराची खाली गेलेली मान कोण वर करणार?

उद्या १८.१७. तिथे 'मी कर्ता' हा भावच ज्याला नाही, त्याच्याबद्दल भगवंत फार धाडसी विधान करतात, आणि ते सोयीस्करपणे वापरणारे लोक कमी नाहीत. जरा निवांत वेळ काढून या.

राम कृष्ण हरी.