चौकटीतील गवत

दयाबुद्धीने केलेले कृत्य अन्यायाचे ठरू शकते काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका जुना आहे, तितकाच आम्हां सरकारी नोकरांच्या कचेऱ्यांतही. त्याचे एक उत्तर मला परवा माझ्या पुतणीच्या, गवताने कापलेल्या हातांत दिसले.

ती वन्यजीवशास्त्राची विद्यार्थिनी. हिवाळाभर भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत काम करून ती जयपुरास माझ्याकडे आली. काम तरी कोणते? एक मीटर लांबरुंद चौकट पाण्यात ठेवावयाची. तीतील गवत कापावयाचे, वाळवावयाचे, तोलावयाचे. आणि शेजारी किती पक्षी उतरतात ते टिपावयाचे. "सारस पाहायला गेले होते, काका, आणि तीन महिने गवतच मोजत बसले," ती हसून म्हणाली.

मग तिने त्या गवताची कथा सांगितली. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरणाऱ्या म्हशींना मज्जाव झाला. म्हशींमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो, ही समजूत वरवर पाहता रास्तच होती. गावकऱ्यांनी विरोध केला; पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. परंतु त्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पाहणी केली, तेव्हा विपरीतच आढळले. म्हशी गेल्यावर पाणगवत अनावर माजले, उघडे पाणी आक्रसले. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. जिला आपण उपरी समजलो, ती म्हैस त्या पाणथळीची राखणदार होती.

"मग बंदी घालणारे दोषी का?" मी विचारले.

"दोषी कसे म्हणू, काका? त्यांना पक्षीच वाचवायचे होते. पण हुकूम आधी निघाला; उत्तर कैक वर्षांनी आले."

मी गप्प झालो. मीही अनेक हुकमांवर सह्या केल्या आहेत. हेतू शुद्ध होते. परिणाम दिसण्यापूर्वी बहुधा माझी बदली झाली होती. पूर्ण ज्ञान होईतो थांबावे, असे म्हणून राज्यकारभार चालत नाही, हे खरे. पण म्हणूनच जो हुकूम काढतो, त्याने परत जाऊन पाहावे आणि चूक दिसल्यास ती मान्य करावी, एवढे तरी ऋण त्याच्या माथी राहतेच. चराईचा नियम बदलता येतो. गोळीने गेलेला माणूस परत येत नाही. सद्‌हेतूचा आधार घेताना हा भेद विसरणे, हाच मला खरा अपराध वाटतो.