साम्राज्य पडताना आपण कुणाकडे बघतो?

अमेरिका संपत आली आणि चीन वर येतोय, असं सांगणारा एक तरी व्हिडिओ रोज माझ्या फोनवर येतो. कुणी जहाजबांधणीचे आकडे देतं, कुणी कर्जाचे. खाली कमेंट्समध्ये क्रिकेटची मॅच चालू असल्यासारखा उत्साह. हा उत्साह मलाही परका नाही. ज्याने इतकी वर्षं साऱ्या जगाला शहाणपण शिकवलं, त्याची जिरताना बघायला कुणाला आवडत नाही? तरी मला प्रश्न पडतो, की हा आनंद नेमका कशाचा? अन्याय थांबल्याचा, की गल्लीतला दादा बदलल्याचा?

पुढे काय होणार यावर पैज लावण्यात मला रस नाही. पण एका महासत्तेने दुसरीला जागा करून दिल्याचं एक प्रकरण होऊन गेलंय आणि त्याचे बरेचसे कागद आता उघडे आहेत. ब्रिटन उतरलं, अमेरिका चढली.

२० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान अ‍ॅटली यांनी जाहीर केलं, की जून १९४८ पर्यंत आम्ही भारत सोडू. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश वकिलातीने अमेरिकेला कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपणार नाही. तीन आठवड्यांत ट्रुमन यांनी तो भार उचलायची तयारी दाखवली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं; त्याचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर २००६ मध्ये. बडा घर, पोकळ वासा.

वासा पोकळ आहे हे चारचौघांत उघड झालं ते १९५६ मध्ये, सुएझला. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. कालवा इजिप्तच्या भूमीवरचा, वेठीला धरलेल्या इजिप्तच्या मजुरांच्या घामाने खणायला घेतलेला, आणि मालकी मात्र मुख्यतः फ्रेंच भागधारकांची आणि ब्रिटिश सरकारची. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन संतापले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या सेव्र गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी एक गुप्त बेत आखला. इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा, मग बाकीच्या दोघांनी भांडण सोडवायला आल्याचा आव आणून कालवा ताब्यात घ्यायचा. ईडन यांनी त्या कराराच्या प्रती नष्ट करायचा प्रयत्न केला. इस्रायलकडची प्रत मात्र राहिली.

बेताप्रमाणे सगळं घडलं. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैदवर छत्रीधारी सैनिक उतरले. शहरातले शेकडो लोक मेले. आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने लढाई थांबवली. सैन्य हरलं नव्हतं. पौंड कोसळत होता. सावरायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज हवं होतं आणि अमेरिकेने सांगितलं, आधी माघार, मग पैसे. इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला होता, सीरियातून येणारी तेलाची पाइपलाइन फुटली होती, आणि तुटवडा भरून काढायलाही अमेरिका तयार नव्हती. डिसेंबरात माघार मान्य झाल्यावर नाणेनिधीने जवळपास १३० कोटी डॉलरची सोय केली. जानेवारीत ईडन यांनी राजीनामा दिला. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे, त्याला एका सावकाराने एक गोळी न झाडता घरी पाठवलं.

त्या वेळी कैरोतल्या माणसाला झालेला आनंद मला पूर्ण रास्त वाटतो. ज्याच्या घरात चोर शिरला होता त्याने चोर पळाल्यावर हसू नये, असं कोण म्हणेल? भारतानेही या हल्ल्याचा स्वच्छ शब्दांत निषेध केला होता. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे.

पण याच आठवड्यात दुसरीकडे काय चाललं होतं? ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. हंगेरीच्या लोकांनी उठाव केला होता, इम्रे नॉज यांचं सरकार देशाला सोव्हिएत गटातून बाहेर काढू पाहत होतं. उठाव चिरडला गेला. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख देश सोडून पळाले, नॉज यांना १९५८ मध्ये फाशी झाली. आणि गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर): रणगाडे बुडापेस्टमध्ये असतानाच सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन ब्रिटनला पत्र लिहून रॉकेटची धमकी देत होते, की दुबळ्या देशावर हल्ला काय करता!

म्हणजे पोर्ट सैदमध्ये दोन्ही नव्या महासत्ता पीडिताच्या बाजूने होत्या. बुडापेस्टमध्ये एक मारेकरी होती आणि दुसरी हळहळत होती. लंडनला डॉलरने गुडघ्यावर आणता येत होतं, मॉस्कोला नाही. आयझेनहॉवर यांनी शत्रूला आणि मित्राला नियम एकच असं जाहीरपणे सांगितलं, आणि सुएझपुरतं ते खरं करून दाखवलं. त्याचं श्रेय मी नाकारणार नाही. पण याच सरकारने १९५३ मध्ये ब्रिटिशांच्याच जोडीने इराणचे मोसादेघ यांना उलथवलं होतं. त्यांचा गुन्हा काय? नासर यांनी कालव्याचं केलं, ते मोसादेघ यांनी तेलाचं केलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत ठराव आला, की सोव्हिएत फौजांनी हंगेरीतून निघावं आणि तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका व्हाव्यात. भारताने विरोधात मत दिलं. तशी पद्धत पडली तर उद्या काश्मीरवर येईल, ही धास्ती त्यामागे होती असं अनेक अभ्यासक म्हणतात. असेलही. जयप्रकाश नारायण यांनी मात्र नेहरूंवर उघड टीका केली, आणि पुढे नेहरूंचाही सूर बदलला. मला जयप्रकाश बरोबर वाटतात. जो आपल्या छातीवर बसला होता त्याचा अन्याय आपल्याला लगेच ओळखू आला. दुसऱ्याच्या छातीवर बसलेला ओळखायला आपण वेळ घेतला. हे माणसाचं नेहमीचंच आहे, पण नेहमीचं म्हणून ते योग्य ठरत नाही.

सुएझमधून टिकाऊ असं काय उरलं, ते पाहिलं तर ते महासत्तांच्या उंचीत सापडत नाही. कालवा इजिप्तकडे राहिला. आणि दोन सैन्यांच्या मध्ये उभं राहायला संयुक्त राष्ट्रांचं पहिलं शांतिसैन्य तयार झालं. त्यात भारताचे जवान होते, आणि १९६७ पर्यंत ते तिथे उभे होते. ते काम कुणाच्या चढण्या-उतरण्याच्या आलेखात दिसत नाही.

म्हणून ‘कोण वर येतोय’ या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त छळतो: वर आलेल्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय कुणाला आहे? १९८६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या बाजूने आणि अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला; अमेरिकेने तो मानला नाही. २०१६ मध्ये हेगमधल्याच एका लवादाने दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला. चीनने तो मानला नाही. त्या निकालात एक मुद्दा स्कारबोरो नावाच्या प्रवाळी खडकांचा होता. तिथे फिलिपिन्सचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत आणि त्यांना चीनने अडवणं बेकायदा आहे, असं लवादाने म्हटलं. निकाल लागून वर्षं झाली. त्यांच्या लाकडी होड्यांवर चिनी तटरक्षक दलाची जहाजं अजून पाण्याचे फवारे मारतात, आणि दूर कुठेतरी अमेरिकेचं जहाज गस्त घालत असतं.