खोट्या अर्जाची सुनावणी

पौडहून ताम्हिणीच्या रस्त्याने मुळशी धरणाच्या काठाकाठाने वर जात राहिलं की द्विशिक्षकी शाळा लागतात. दोन शिक्षकांत सगळे वर्ग. एक जण बैठकीला किंवा रजेवर गेला की सगळा पट दुसऱ्याकडे. हिंजवडीही याच मुळशी तालुक्यात आहे. तिथल्या पालकाला शिकवणं पटलं नाही तर तो मुलाची शाळा बदलतो. धरणापलीकडच्या वाडीतल्या कातकरी आईबापांना ती सोय नाही. जो शिक्षक येईल तोच त्यांच्या लेकरांचा. शिक्षक होण्यासाठी केलेल्या खोटेपणाचा विचार या शाळांपासून सुरू व्हायला हवा.

जानेवारी २०२० मध्ये राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा झाली. १५० गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला ९० गुण लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हाडाच्या भरतीतल्या पेपरफुटीचा तपास करताना, पुणे सायबर पोलिसांना या परीक्षेतल्या गैरव्यवहाराचे धागे सापडले आणि राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८७४ उमेदवारांची संपादणूक रद्द केली आणि त्यांना पुढच्या परीक्षांना बसायला कायमची बंदी घातली. बहुतेकांचे गुण वाढवलेले होते, काहींची प्रमाणपत्रंच बनावट होती.

बंदी योग्यच होती. पण जे मूल जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालं, ते तोवर तिसरीत पोचलं होतं. वाचायला शिकण्याची ती वर्षं परत मिळत नाहीत. म्हणून शिक्षा किती कडक, यापेक्षा खोटं किती लवकर पकडलं गेलं हा प्रश्न मला मोठा वाटतो.

लवकर म्हणजे डी.एड.च्या, आताच्या डी.एल.एड.च्या, प्रवेशालाच. प्रवेशाचा अर्ज बहुधा बारावी झालेली अठरा वर्षांची मुलगी भरते. तोही अनेकदा नेटकॅफेवाल्याच्या हातून. प्रवर्ग चुकीचा पडतो, नॉन-क्रीमी लेयरच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. ही चूक आहे. खाडाखोड केलेली गुणपत्रिका किंवा विकत घेतलेला दाखला हे खोटं आहे. दोन्ही प्रकरणं एकाच शेऱ्याने फेटाळणं जितकं वाईट, तितकंच ‘नंतर बघू’ म्हणून दोन्हींना आत घेणं वाईट. चूक दुरुस्त करायला मुदत द्यावी. संशय असेल तर लेखी कारण देऊन उमेदवाराचं म्हणणं ऐकावं. पडताळणीआधी जो स्वतःहून कबूल करेल, त्याचा त्या वर्षीचा प्रवेश जावा, पण पुढच्या वर्षीचा रस्ता खुला राहावा. ज्याने गुण किंवा दाखला विकत घेतला आणि शेवटपर्यंत लपवला, त्याला या पेशात जागा नसावी.

शिक्षकाला अशी सवलत का, असं कुणी विचारेल. मुलांनी ज्याच्याकडे पाहून वागायला शिकायचं, तो निष्कलंकच हवा, हा आग्रह मला मनापासून मान्य आहे. पण पहिल्याच खोट्याला जन्मभराची शिक्षा ठेवली की कबुली कुणीच देत नाही, आणि न पकडलेलं खोटं नेमणुकीपर्यंत, तिथून वर्गापर्यंत जातं.

शिवाय खोटेपणा एकट्या अर्जदाराचा नसतो. शिक्षकभरती रखडली तशी अनेक अध्यापक विद्यालयं ओस पडली. जागा रिकाम्या असल्या की कागद नीट तपासायची इच्छा कमी होते. काही ठिकाणी तर ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश उघडपणे मिळतात: हजेरी कागदावर, सराव पाठ कागदावर. जी संस्था प्रवेशाच्या दिवशीच असा सौदा करते, तिने विद्यार्थ्याच्या खोट्या दाखल्यावर कोणत्या अधिकाराने बोलायचं? त्यामुळे खोटी कागदपत्रं निघाली तर संस्थेचीही चौकशी व्हावी, आणि वारंवार निघाली तर तिची मान्यता जावी. दाखला विकणारा दलाल सुटला आणि फक्त विकत घेणारी मुलगी अडकली, तर पुढच्या वर्षी तोच दलाल दुसऱ्या घरी जातो.

यातली बरीच पडताळणी आता अवघड नाही. बारावीची गुणपत्रिका मंडळाच्या नोंदींशी जुळवता येते, दाखले देणाऱ्या तहसील आणि प्रांत कार्यालयांत त्यांच्या नोंदी असतात. हे काम पहिल्या सत्रातच पुरं करता येईल. त्यासाठी एक नियम पुरेसा आहे: कागदपत्रांची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही छात्राध्यापकाला सराव पाठासाठी शाळेत पाठवू नये, आणि उशीर झाला तर त्याचं उत्तर विद्यालयाच्या प्राचार्यांनी लेखी द्यावं.