विजयाचे वांटेकरी

२०२५ सालच्या नोव्हेंबरची २ तारीख. नवी मुंबईंत नेरुळच्या क्रीडांगणावर भारतीय स्त्रियांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव करून क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यानेंच मिळविला, तेव्हां मध्यरात्र होत आली होती. त्याच क्षणीं आमच्या मीरा रोडच्या वसाहतींत खिडक्या उघडल्या, फटाके उडूं लागले आणि जिन्यांतून माणसें खालीं धांवलीं. कोणी गुजराती बोलत होता, कोणी हिंदी, कोणी मराठी. परंतु सर्वांच्या बोलण्याचा अर्थ एकच होता : 'आपण जिंकलों!' आम्हींही तें मोठ्यानें म्हटलें. दुसऱ्या दिवशीं मात्र या दोन शब्दांच्या वाक्यांतील क्रियापदापेक्षां सर्वनामानेंच आम्हांस अधिक छळलें. खेळल्या त्या अकरा जणी. मग हे 'आपण' कोण?

प्रश्न व्याकरणाचा दिसतो, पण आहे नीतीचा. इंग्रजींत ज्या ठिकाणीं एकच सर्वनाम आहे, तेथें मराठींत दोन आहेत. 'आम्ही' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो; 'आपण' म्हणतांना तो आंत येतो. याच मीरा रोडवर २०२५ च्या जुलैंत भाषेच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले, तेव्हां जिकडे तिकडे 'आम्ही' आणि 'तुम्ही' हेच शब्द ऐकूं येत होते. त्या रात्रीं त्यांच्या जागीं 'आपण' आला, हा लाभ कांहीं लहान नव्हे. शेजाऱ्याला आंत घेणारा शब्द थोडा वेळ कां होईना, पण खरा वाटला.

परंतु त्याच स्पर्धेंत, अवघ्या दोन आठवड्यांपूर्वीं, आमचें व्याकरण कोणतें होतें? हा संघ ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याशीं लागोपाठ तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडकडून केवळ चार धांवांनीं हार झाली, त्या वेळीं आम्हीं टीव्ही बंद केला आणि म्हणालों, 'यांच्यानें शेवट गांठवत नाहीं.' 'आपल्याच्यानें' नव्हे, 'यांच्यानें'! पराभव त्यांचा आणि विजय आपला, असा हा वांटा आहे. कर्म करावें आणि फळावर हक्क सांगूं नये, ही शिकवण आम्ही वर्गांत गंभीरपणें देत आलों. प्रत्यक्षांत कर्म टाळून फळावर तेवढा हक्क सांगण्याचा सुलभ मार्ग आम्हीं पत्करला.

कोणी म्हणेल, प्रेक्षकाला इतक्या कडक कसोटीला कशाला लावावयाचें? त्याचाही खेळांत कांहीं भाग असतोच. ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. प्रेक्षक नसेल तर क्रीडांगण हें नुसतें गवताचें मैदान होय, आणि आनंद वांटून घेण्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. पण आनंदाचा वांटा निराळा आणि कर्तृत्वाचा वांटा निराळा. आनंद कोणीही घ्यावा. कर्तृत्वांत भाग मागणाऱ्यानें मात्र आपण पेरणीला होतों, कीं केवळ खळ्यावर आलों, हें स्वतःला विचारावें.

पेरणीला कोण कोण होतें, हें त्या संघास चांगलें ठाऊक होतें. प्रतिका रावल हिनें न्यूझीलंडविरुद्ध शतक केलें आणि लगेच पुढच्या सामन्यांत ती जखमी झाली. मुळांत संघांत नसलेली शफाली वर्मा तिच्या जागीं आली व अंतिम सामन्यांत ८७ धांवा आणि दोन बळी मिळवून गेली. विजयानंतर प्रतिका चाकांच्या खुर्चींतून मैदानावर आली. तिच्या 'आम्ही'ला कोणीही हरकत घेणार नाहीं. पुढें या मुलींनीं तो चषक मिताली राज व झूलन गोस्वामी यांच्या हातीं दिला. २००५ व २०१७ या दोन्ही अंतिम सामन्यांत त्या दोघी हरलेल्या संघांत होत्या. त्यांच्याही मागें १९७३ मध्यें लखनौस स्त्रियांची क्रिकेट संघटना उभारणाऱ्या आणि पदरचे पैसे घालून रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून सामन्यांना जाणाऱ्या स्त्रिया आहेत. शिवाय शिक्षक अमोल मुजुमदार : प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत ११,००० हून अधिक धांवा काढूनही ज्यांना भारताकडून एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं, असे गृहस्थ. हीं सारीं माणसें हरण्याच्या काळांतही 'आम्ही'च म्हणत होतीं.

आणि आम्ही? वाचकांपाशीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या खालच्या मजल्यावरची एक मुलगी मैदानांत मुलांच्या घोळक्यांत एकटी गोलंदाजी करीत असे. दोन वर्षांपूर्वीं तिचे वडील आम्हांकडे सल्ल्यासाठीं आले. पहाटेच्या लोकलनें तिला दूर शिकावयास पाठवावें, असें त्यांच्या मनांत होतें. 'दहावी आधीं, आणि मुलीच्या जातीला यांत पुढें काय आहे?' असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं प्राध्यापकाचा शब्द मानला. त्या विजयाच्या रात्रीं ती जिन्यांत उभी होती. आम्ही उत्साहानें म्हणालों, 'पाहिलेंस ना? आपण जिंकलों!' ती म्हणाली, 'हो काका, जिंकल्या त्या.' तिच्या स्वरांत राग नव्हता. तिनें फक्त सर्वनाम दुरुस्त केलें.

गेल्या आठवड्यांत आम्ही तिच्या वडिलांकडे जाऊन आपला सल्ला चुकला, असें तिच्यासमक्ष सांगून आलों. त्यांनीं चहा दिला आणि विषय बदलला. ती मुलगी आतां अकरावींत आहे. पुन्हां चेंडू हातीं घ्यावा कीं नाहीं, हें तिचें तिनें ठरवावयाचें. आमच्या कबुलीनें तिचीं दोन वर्षें परत येत नाहींत.

या संघाचें भवितव्य काय, असें आज जो तो विचारतो. भविष्य सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण हा संघ पुढें केव्हां तरी हरेल, आणि वाईट रीतीनें हरेल, एवढें निश्चित, कारण खेळ म्हटला कीं हार आलीच. त्या दिवशीं फटाके नसतील, जिने रिकामे असतील. अशा वेळीं टीव्ही बंद न करतां 'आपण हरलों' असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें, आणि शेजारच्या मुलीला मैदान मिळावें म्हणून चार शब्द खर्च करण्याची बुद्धि झाली, तर २ नोव्हेंबरच्या रात्रीं उसना घेतलेला तो शब्द थोडाफार तरी फिटला, असें आम्ही समजूं.