मावळा मातीचा कीं प्लास्टिकचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे सदाशिव पेठेंतील मुलें दगड, विटा, माती व गोणपाट यांच्या शोधांत हिंडूं लागतात. पूर्वीं वाड्याच्या अंगणांत किल्ला उभा राही. वाडे पडून इमारती झाल्या, तेव्हां आतां तो इमारतीखालीं, पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यांत उभा राहतो. बुरूज लिंपले जातात, उतारावर अळीव पेरला जातो, माथ्यावर महाराज सिंहासनारूढ होतात आणि तटावर मावळे पहाऱ्यास उभे राहतात. २०२५ सालीं युनेस्कोनें रायगड, राजगड, प्रतापगड आदिकरून १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. पुण्याच्या मुलांनीं तो त्यांस कधींच देऊन टाकला होता!

हा मावळा मातीचा असावा कीं प्लास्टिकचा, असा प्रश्न आतां घरोघर निघतो. प्रश्न वरवर पोरकट दिसतो. परंतु वस्तूंशीं आपण कसें वागावें, हा जो थोरांचा प्रश्न, तोच येथें लहान रूपानें उभा आहे.

आमच्या सुशिक्षित घरांत त्याचें उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें. माती म्हणजे संस्कृति आणि प्लास्टिक म्हणजे बाजार! पण या मताचीं कारणें विचारलीं असतां तीं तितकीं पक्कीं ठरत नाहींत. माती शेवटीं मातीस मिळते, असें म्हणतात. कच्च्या मातीविषयीं हें खरें आहे. पण भाजलेली माती पाण्यांत विरघळत नाहीं. तिचीं खापरें होतात, आणि तीं हजारों वर्षांनीं उत्खननांत सांपडतात. शिवाय मातीचा म्हणून घेतलेला मावळा कित्येकदां प्लास्टरचा निघतो. कुंभाराच्या हातास काम मिळतें, हें कारण मात्र खरें व वजनदार आहे. पण तें कुंभाराविषयींचें आपलें कर्तव्य झालें, मातीचा गुण नव्हे.

युरोपांत असाच वाद धातु व प्लास्टिक यांमध्यें चालतो. तेथें टेबलावर सैन्यें मांडून लढाईचा खेळ खेळणारे प्रौढ लोक पुष्कळ आहेत. १९१३ सालीं एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकारानें अशा खेळाचे नियम पुस्तकरूपानें दिले; त्याचे शिपाई शिशाचे होते. ब्रिटन्स नांवाची कंपनी १८९३ पासून आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतीत असे. शिसें विषारी, म्हणून १९६६ च्या सुमारास तिनें तें काम सोडलें. हल्लीं कथिलाच्या मिश्रधातूचे व प्लास्टिकचे असे दोन्ही शिपाई मिळतात. धातूचा पक्षपाती म्हणतो, तळहातावर घेतांच याचें वजन जाणवतें. प्लास्टिकचा पक्षपाती म्हणतो, याचे अवयव कापून व चिकटवून हवी ती ठेवण देतां येते. व्यवहाराचीही बाजू आहे. धातु रबराच्या सांच्यांत ओततां येतो, म्हणून थोडा माल करणाऱ्या लहान कारागिरास तो परवडतो. प्लास्टिकला पोलादाचा महागडा सांचा लागतो, म्हणून त्यांतून हजारों नग काढावे लागतात. नग स्वस्त होतो तो यामुळेंच. आणि स्वस्त वस्तु टाकून देतांना हात कचरत नाहीं.

येथें वादाचें मर्म हातीं येतें. दोष द्रव्याचा नाहीं. वस्तूचें आयुष्य व आपल्या आपुलकीचें आयुष्य यांचा मेळ जेथें बसत नाहीं, तेथें दोष उत्पन्न होतो. मातीच्या मावळ्याचा हात मोडतो. मग मूल त्यास बुरुजाआड उभें करतें किंवा जखमी म्हणून निजवितें. वस्तूच्या नाजूकपणामुळें जपणूक आपोआप शिकली जाते. प्लास्टिकचा मावळा अशी जपणूक मागत नाहीं; म्हणून तो भाऊबीजेनंतर विटामातीबरोबर कचऱ्यांत जातो, आणि आपण त्यास विसरल्यावरही दीर्घकाळ तसाच पडून राहतो.

परंतु एखाद्या घरीं तेच प्लास्टिकचे मावळे डब्यांत भरून माळ्यावर ठेवतात, थोरल्याचे धाकट्याकडे येतात, प्रसंगीं शेजाऱ्यास उसनेही दिले जातात. अशा घरास नांवें ठेवण्याचा अधिकार दरवर्षीं मातीचे नवे मावळे घेऊन जुने फेकणाऱ्यास नाहीं. आणि ज्या मुलास थोड्या पैशांत दहा मावळे मिळाले व त्याचा तट भरला, त्याच्या किल्ल्याकडे पाहून नाक मुरडणें, हें तर प्लास्टिकपेक्षां अधिक हलकें आहे.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, मावळा घेतांना मुलास विचारावें, "याला तूं किती वर्षें सांभाळशील?" एक दिवाळी, असें उत्तर आलें, तर त्यानें तो कच्च्या मातीचा स्वतःच्या हातानें करावा. दहा दिवाळ्या, असें आलें, तर प्लास्टिकचाही खुशाल घ्यावा. मात्र दिलेला शब्द पाळला जातो कीं नाहीं, हें पाहण्याचें काम आईबापांचें आहे.